विश्लेषण : एका फुटबॉल प्रशिक्षकाच्या मृत्यूने अमेरिकेतला विमानप्रवास कसा बदलला? कोण होते नूट रॉकनी?

३१ मार्च १९३१. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील बझार या लहानशा वस्तीजवळच्या कुरणात सकाळी एक प्रवासी विमान कोसळले. सहा प्रवासी आणि दोन वैमानिक, आठही जण जागीच ठार झाले. विमाने पडणे त्या काळात नवे नव्हते. एरवी ही बातमी दोन-चार दिवसांत मागे पडली असती. पण मृतांच्या यादीत एक नाव होते नूट रॉकनी यांचे. त्या नावामुळे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी शोकसंदेश पाठवला, नॉर्वेच्या राजाने मरणोत्तर किताब दिला आणि अंत्यसंस्काराचे प्रक्षेपण रेडिओवरून देशभर झाले.

रॉकनी मंत्री नव्हते, उद्योगपती नव्हते, सिनेनटही नव्हते. ते एका कॉलेजच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. वय ४३. कॉलेजच्या कोचसाठी अख्खा देश का हळहळला आणि त्याचा विमानाच्या पंखांशी काय संबंध, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

कॉलेजचा कोच इतका मोठा कसा?

आधी एक खुलासा. हा फुटबॉल म्हणजे मेसी-रोनाल्डोचा नव्हे. अमेरिकी फुटबॉलमध्ये लांबट, दोन्हीकडे निमुळता चेंडू असतो आणि तो बहुतांशी हातातच असतो. अकरा-अकरा खेळाडू, शंभर यार्डांचे मैदान. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा, नाही जमले तर तो प्रतिस्पर्ध्याकडे. चेंडू पलीकडच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचवला की टचडाउन.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ सामन्याला खेळाडूंचे मित्र आणि घरची मंडळी सोडली तर सहसा कोणी फिरकत नाही. अमेरिकेत १९२०च्या दशकात नेमके उलटे होते. व्यावसायिक लीग १९२० मध्ये नुकतीच सुरू झाली होती आणि तिला फारशी प्रतिष्ठा नव्हती. खरा फुटबॉल म्हणजे कॉलेजचा फुटबॉल. शनिवारी सामना, रविवारी वर्तमानपत्रात पानभर वर्णन आणि मोठ्या सामन्यांना लाखभर प्रेक्षक. त्या जगात रॉकनी यांनी १३ हंगामांत १०५ सामने जिंकले, १२ हरले आणि पाच बरोबरीत सोडवले. म्हणजे ८८ टक्के यश. पाच हंगाम असे, की त्यांचा संघ एकही सामना हरला नाही की बरोबरीतही अडकला नाही.

नॉर्वेतून शिकागोला

रॉकनी यांचा जन्म ४ मार्च १८८८ रोजी नॉर्वेतील व्हॉस या गावी झाला. वडील घोडागाड्या बनवत. १८९३ मध्ये शिकागोत भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ते अमेरिकेत आले आणि कुटुंबही पाठोपाठ आले. त्याच प्रदर्शनाला जोडून सर्वधर्म परिषद भरली होती आणि त्याच परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले होते. म्हणजे आपल्याला ज्या शिकागोची ओळख विवेकानंदांमुळे आहे, त्याच शिकागोत त्याच वर्षी हा पाच वर्षांचा मुलगा येऊन पडला.

घरची परिस्थिती बेताची. शाळेनंतर थेट कॉलेज शक्यच नव्हते. रॉकनी यांनी शिकागोच्या टपाल खात्यात चारेक वर्षे नोकरी केली, पैसे साठवले आणि १९१० मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, शेजारच्या इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे नोटर डेम विद्यापीठात प्रवेश घेतला. (पॅरिसच्या चर्चचे नाव नोत्र दाम असे उच्चारतात, अमेरिकी विद्यापीठाचे नोटर डेम. स्पेलिंग एकच.) विद्यापीठ कॅथलिक धर्मगुरूंनी चालवलेले, रॉकनी मात्र प्रोटेस्टंट. वर्गातल्या मुलांपेक्षा वयाने मोठे, डोक्यावरचे केस लवकर विरळ झालेले.

प्रयोगशाळेतला फुटबॉलपटू

रॉकनी यांच्या आयुष्याचा हा भाग सहसा एका ओळीत उरकला जातो, पण तो मला सर्वांत रंजक वाटतो. ते अभ्यासात हुशार होते. कॉलेजच्या वाद्यवृंदात बासरी वाजवत, नाटकांत काम करत, प्रयोगशाळेत राबत आणि फुटबॉल संघाचे कर्णधारही होते. १९१४ मध्ये त्यांनी उत्तम गुणांनी फार्मसीची पदवी घेतली. नंतर तिथेच रसायनशास्त्र शिकवायला लागले, अर्थात फुटबॉलच्या सहायक प्रशिक्षकाची जबाबदारी सांभाळून.

त्यांचे गुरू होते फादर ज्युलियस न्यूलंड. धर्मगुरू आणि रसायनशास्त्रज्ञ. अॅसिटिलीन वायूवर त्यांनी केलेल्या संशोधनाच्या आधारे ड्युपाँट कंपनीने निओप्रीन हे कृत्रिम रबर तयार केले. लॅपटॉपच्या मऊ कव्हरमध्ये किंवा पाणबुड्यांच्या पोशाखात असते तेच. ते जाहीर झाले १९३१ मध्ये, रॉकनी गेले त्याच वर्षी. रॉकनी प्रयोगशाळेतच राहिले असते तर त्यांचे नाव कदाचित एखाद्या शोधनिबंधात दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर आले असते. १९१८ मध्ये मुख्य प्रशिक्षक जेसी हार्पर पायउतार झाले, रॉकनी यांच्याकडे सूत्रे आली आणि रसायनशास्त्र हळूहळू मागे पडले.

फॉरवर्ड पास त्यांनी शोधला का?

नाही. पण समाजमाध्यमांवर रॉकनी यांच्याबद्दल काहीही वाचले तरी हा दावा हमखास भेटतो.

खरी गोष्ट अशी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा खेळ अक्षरशः जीवघेणा होता. सगळे खेळाडू एकमेकांवर तुटून पडायचे आणि दर हंगामात मुले मरायची. १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारायला सांगितले. १९०६ मध्ये नियम बदलले आणि चेंडू पुढे फेकायला, म्हणजे फॉरवर्ड पासला, परवानगी मिळाली. मैदानातली गर्दी पांगावी हा त्यामागचा एक हेतू. सेंट लुइस विद्यापीठाचा संघ त्याच वर्षी असे पास देऊन सामने जिंकत होता. रॉकनी तेव्हा कॉलेजातही पोहोचले नव्हते.

मग त्यांचे नाव का जोडले गेले? १९१३च्या उन्हाळ्यात रॉकनी आणि त्यांचा मित्र, क्वार्टरबॅक गस डोरे, ओहायोतील सीडर पॉइंट या किनाऱ्यावर नोकरीला होते. फावल्या वेळात दोघे वाळूत पासचा सराव करायचे. एकाने फेकायचा, दुसऱ्याने पळता पळता झेलायचा. १ नोव्हेंबरला नोटर डेमचा सामना लष्करी अकादमीच्या, म्हणजे आर्मीच्या, बलाढ्य संघाशी वेस्ट पॉइंटला झाला. पूर्वेकडच्या पत्रकारांना नोटर डेम हे नावही नीट ठाऊक नव्हते. डोरे लांब लांब पास फेकत राहिला, आर्मीचा बचाव गोंधळला आणि नोटर डेमने सामना ३५-१३ असा जिंकला. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसमोर घडले म्हणून ते देशाला कळले. सेंट लुइसचे कौतुक करायला तिथे एवढे पत्रकार नव्हते.

हा धडा रॉकनी आयुष्यभर विसरले नाहीत, असे त्यांची पुढची कारकीर्द पाहून म्हणावे लागते.

रेल्वेने फिरणारा संघ

त्या काळात मध्यपश्चिमेतील मोठ्या विद्यापीठांची एक परिषद होती, आज जिला बिग टेन म्हणतात. नोटर डेमला तिथे प्रवेश मिळाला नाही. मिशिगनचे फील्डिंग योस्ट यांच्याशी तर रॉकनींचे हाडवैरच होते. जवळचे संघ खेळायला तयार नाहीत म्हटल्यावर रॉकनी यांनी दूरचे संघ शोधले. न्यूयॉर्क, अटलांटा, लॉस एंजलिस. खेळाडू दिवसेंदिवस रेल्वेत असायचे. शेजाऱ्यांनी दार बंद केल्यामुळे हा संघ एका राज्याचा न राहता देशाचा झाला.

याला आणखी एक पदर होता. १९२०च्या दशकात इंडियानात कू क्लक्स क्लान ही वर्णद्वेषी संघटना कमालीची प्रबळ होती. कृष्णवर्णीयांबरोबर कॅथलिक, ज्यू आणि स्थलांतरित हेही तिचे शत्रू. मे १९२४ मध्ये क्लानने साउथ बेंडमध्येच मेळावा घेतला, तेव्हा नोटर डेमचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि हाणामारी झाली. त्याच वर्षी अमेरिकेने स्थलांतरावर कठोर निर्बंध आणणारा कायदा केला. अशा वातावरणात आयरिश, पोलिश, इटालियन आडनावांची कॅथलिक पोरे दर शनिवारी प्रतिष्ठित विद्यापीठांना हरवत होती. न्यूयॉर्कचे गोदी कामगार, पोलीस, घरकाम करणाऱ्या बायका, ज्यांनी नोटर डेमचे दारही पाहिले नव्हते, तो संघ आपला मानू लागले. त्यांना गमतीने सबवे अॅल्युम्नाय, म्हणजे भुयारी रेल्वेचे माजी विद्यार्थी, म्हणत. फायटिंग आयरिश हे नाव विद्यापीठाने १९२७ मध्ये अधिकृतपणे स्वीकारले. त्या आयरिश संघाचा कोच नॉर्वेचा! रॉकनी यांनी स्वतः १९२५ मध्ये कॅथलिक पंथ स्वीकारला.

घोड्यांवरचा फोटो

१८ ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये नोटर डेमने आर्मीला १३-७ असे हरवले. क्रीडा पत्रकार ग्रँटलंड राइस यांनी बातमीत नोटर डेमच्या मागच्या फळीतील चौघांची तुलना बायबलमधल्या प्रलय आणणाऱ्या चार घोडेस्वारांशी केली. हॅरी स्टुलड्रेहर, जिम क्राउली, डॉन मिलर आणि एल्मर लेडन हे ते चौघे.

एवढ्यावर ती उपमा विरून गेली असती. पण रॉकनी यांनी प्रसिद्धीसाठी विद्यार्थी मदतनीस ठेवले होते. त्यांच्यापैकी जॉर्ज स्ट्रिकलरने साउथ बेंडला परतल्यावर घोडे मिळवले, चौघांना फुटबॉलच्या पोशाखात त्यांवर बसवले आणि फोटो काढून घेतला. वृत्तसंस्थांनी तो देशभर पाठवला. आजच्या भाषेत सांगायचे तर व्हायरल झाला. त्या हंगामात संघ सर्व सामने जिंकला आणि १ जानेवारी १९२५ रोजी कॅलिफोर्नियातील रोझ बोल सामन्यात पॉप वॉर्नर यांच्या स्टॅनफर्ड संघावर २७-१० अशी मात करून राष्ट्रीय विजेता ठरला.

मैदानावरही रॉकनी यांच्याकडे युक्त्या होत्या. सामन्याच्या सुरुवातीला दुय्यम खेळाडू उतरवायचे, प्रतिस्पर्धी दमला की मुख्य संघ आणायचा. चेंडू खेळात येण्याआधी मागच्या चौघांनी एका लयीत जागा बदलायची. ही चाल मूळची त्यांची नव्हती, पण त्यांच्या संघाने ती इतकी सफाईने वापरली की अखेर जागा बदलल्यावर एक सेकंद स्थिर थांबण्याचा नियम करावा लागला.

गिपची कहाणी खरी की रचलेली?

जॉर्ज गिप हा रॉकनी यांचा सर्वांत गुणी खेळाडू. पळणे, फेकणे, लाथ मारणे, सगळ्यात अव्वल. वर्गात मात्र क्वचित दिसायचा. पत्ते आणि बिलियर्ड्सवर पैसे लावायचा. १९२० मध्ये विद्यापीठाने त्याला काढून टाकले होते, मग परत घेतले. त्याच हंगामाच्या शेवटी घशाचा संसर्ग झाला, न्यूमोनिया झाला आणि १४ डिसेंबर १९२० रोजी तो गेला. वय २५. प्रतिजैविके तेव्हा नव्हती.

आठ वर्षांनी, १९२८ मध्ये, रॉकनी यांचा सर्वांत वाईट हंगाम सुरू होता. १० नोव्हेंबरला यांकी स्टेडियमवर अपराजित आर्मीशी गाठ होती. ड्रेसिंग रूममध्ये रॉकनी यांनी खेळाडूंना सांगितले, की गिपने मृत्युशय्येवर आपल्याकडे एक मागणे मागितले होते. कधी संघ अगदी अडचणीत सापडला, तर पोरांना माझ्यासाठी एक सामना जिंकायला सांगा, अशा अर्थाचे. नोटर डेमने सामना १२-६ असा जिंकला. दोनच दिवसांत न्यूयॉर्क डेली न्यूजमध्ये ही हकीकत आली. लिहिणारे फ्रान्सिस वॉलेस हे पूर्वी विद्यापीठात रॉकनी यांचेच प्रसिद्धी मदतनीस होते.

इतिहासकारांना ही कहाणी पटत नाही. आठ वर्षे रॉकनी याबद्दल जाहीरपणे काही बोलले नव्हते. सांगणारा एकच आणि दुसरा हयात नाही. त्यात रॉकनी यांचा लौकिकही असा, की १९२२ मध्ये अटलांटातील सामन्याआधी त्यांनी आपला लहान मुलगा बिली इस्पितळात असल्याची आणि त्याने विजयाची मागणी केल्याची तार वाचून दाखवली होती. संघ जिंकून घरी परतला, तर बिली स्थानकावर ठणठणीत उभा! हा किस्सा त्यांचेच खेळाडू पुढे हसत हसत सांगायचे.

म्हणजे कोच खोटे बोलायचे का? बोलायचे, असेच पुरावे सुचवतात. विशीतल्या मुलांच्या भावनेला हात घालून त्यांना मैदानात झोकून द्यायला लावायचे आणि त्यासाठी एका मृत मुलाचे नाव वापरायचे, हे आज निव्वळ कौतुकाने वाचता येत नाही. तरी त्या खोलीत असलेल्यांपैकी कोणाला फसवले गेल्याचा राग आल्याचे दिसत नाही, हेही नोंदवायला हवे.

ही कहाणी पुढे राजकारणातही गेली. १९४० मध्ये रॉकनी यांच्यावर हॉलीवूडने चित्रपट काढला. त्यात गिपची भूमिका करणाऱ्या नटाला पुढे आयुष्यभर गिपर हेच टोपणनाव चिकटले आणि त्याने ते निवडणुकांत पुरेपूर वापरले. तो नट म्हणजे रोनाल्ड रेगन.

सगळेच जिंकले नाहीत

२७ नोव्हेंबर १९२६. पिट्सबर्गमध्ये कार्नेगी टेक या तुलनेने साध्या संघाशी सामना होता. रॉकनी यांनी तो सहायकावर सोपवला आणि स्वतः शिकागोला आर्मी-नेव्ही सामना पाहायला गेले. नोटर डेम ०-१९ असे हरले. त्या हंगामातला तो एकमेव पराभव आणि त्यानेच राष्ट्रीय विजेतेपद हुकवले.

१९२९ मध्ये पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितले, तरी ते व्हीलचेअरवरून सराव पाहायचे. प्रत्यक्ष संघ बराच काळ सहायक टॉम लीब यांनी सांभाळला. घरच्या मैदानाचे बांधकाम सुरू असल्याने त्या वर्षी सगळे सामने बाहेर झाले, तेही सगळे जिंकले. १९३० मध्ये नवे स्टेडियम उघडले आणि पुन्हा दहापैकी दहा. ६ डिसेंबरला लॉस एंजलिसमध्ये सदर्न कॅलिफोर्नियावर २७-० असा विजय, हा त्यांचा शेवटचा अधिकृत सामना. त्यानंतर महामंदीतल्या बेकारांसाठी निधी उभारायला न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या माजी खेळाडूंचा एक सामना झाला. व्यावसायिक जायंट्स संघाने त्यांना २२-० असे धुतले. निधी मात्र भरपूर जमला.

पंखात नेमके काय बिघडले?

मार्च १९३१ च्या अखेरीस रॉकनी एका चित्रपटाच्या कामासाठी लॉस एंजलिसला निघाले. कॅन्सस सिटीत त्यांची दोन मुले शाळेत होती. तिथून त्यांनी ट्रान्सकॉन्टिनेंटल अँड वेस्टर्न एअर, म्हणजेच टीडब्ल्यूएचे, विमान पकडले. हवामान खराब होते. बझारजवळ विमानाचा पंख हवेतच तुटला.

विमान होते फोकर एफ-१०ए. तीन इंजिने आणि लाकडी पंख. आत लाकडी सांगाडा, वर प्लायवूडचे आवरण आणि सगळे गोंदाने जोडलेले. आज ऐकायला विचित्र वाटते, पण लाकडी पंख तेव्हा सर्रास होते, हलके आणि मजबूत. अडचण होती ओलाव्याची. पावसाळ्यात प्लायवूडच्या दाराचे थर कसे सुटतात, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. तेच इथे झाले. पंखात पाणी झिरपत गेले आणि आतला गोंद कमकुवत झाला. बाहेरून पाहून काही कळायची सोय नव्हती, कारण जोड प्लायवूडच्या आत झाकलेले. ते तपासायचे तर आवरण उचकटावे लागणार.

सुरुवातीला सरकारी खात्याने पंख्यावरचा बर्फ तुटून आदळल्यासारखी वेगवेगळी कारणे पुढे केली. त्या काळी अपघाताच्या चौकशीचे निष्कर्ष जाहीर करण्याची पद्धतच नव्हती. अहवाल खात्यातच राहायचे आणि नवी विमान कंपनी बदनाम होऊ नये हीच काळजी अधिक असायची. पण या वेळी मृत माणूस रॉकनी होता. वर्तमानपत्रे पिच्छा सोडेनात. मे महिन्यात या जातीच्या विमानांवर उड्डाणबंदी आली आणि पंख उघडून तपासल्याशिवाय ती उडवता येणार नाहीत असे ठरले. अपघाताची कारणे लोकांसमोर ठेवण्याचा पायंडा याच प्रकरणातून पडला. फोकरचा अमेरिकेतला व्यवसाय यातून सावरला नाही.

प्रवाशांचा लाकडी पंखांवरचा विश्वास उडाला होता. ऑगस्ट १९३२ मध्ये टीडब्ल्यूएचे जॅक फ्राय यांनी विमान कारखान्यांना पत्र पाठवून प्रामुख्याने धातूच्या बांधणीचे विमान मागितले. प्रतिस्पर्धी युनायटेड कंपनीने बोइंगची नवी धातूची विमाने आधीच अडवून ठेवली होती, हेही त्यामागचे तितकेच मोठे कारण. त्यामुळे सगळे श्रेय एका अपघाताला देणे चूक ठरेल. पण त्या पत्रातून डग्लस कंपनीचे डीसी-१ तयार झाले, त्यातून डीसी-२ आणि १९३५ मध्ये डीसी-३.

डीसी-३ म्हणजेच डाकोटा. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटच्या जवानांना घेऊन श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरली, ती हीच विमाने.